रिफ्रॅक्टरी नावाचा दगड

गुरुग्राम
६ ऑगस्ट २०२५

बाबा,

आणि मी पुन्हा तेच लिहून राहिलो, की मी रुसून घर सोडलं नाही. तुम्हीच मले ओमप्रकाश ठेकेदाराच्या हवाली केलं. "कंपनीचं काही खरं नाही, याच्यासंग जा, फर्निचरच्या पॉलिशचं काम शीक, माणूस आपल्या कंपनीच्या ओळखीचा आहे." शब्द तुमचेच होते. आता तुम्ही लिहिता की नववीत पुस्तकं फेकणाऱ्यानं बापाले हिशेब विचारू नये. बरं, नाही विचारत. पण एक गोष्ट विचारतो.

वाडीतून गोलूचा फोन आला होता. म्हणे, "अबे प्रशिक, तुझ्या बापाच्या कंपनीले सरकारचं पॅकेज भेटलं, गेटवर पेढे वाटले. आता तुमचं घर माडीचं होते पाह्य." मी म्हटलं, असंल. आता इथं साईटवर इंजिनिअर पोरं पॅकेज म्हणजे पगार म्हणतात. याचं बारा लाखाचं पॅकेज, त्याचं वीसचं. मंग तुमचं कितीचं आहे? आई फोनवर म्हणते, सतरा महिन्यांपासून पगार नाही. मंग पायलची नर्सिंगची फी कशी भरली? मी पाठवतो त्यात तर किराणा सुद्धा भागत नाही. आईले विचारलं तर म्हणते, "तुझ्या बाबाले माहीत." पायलले विचारलं तर ती म्हणते, "आईले माहीत." सगळ्यायले दुसऱ्याचं माहीत आहे.

हे फोनवर बोललो असतो. पण कंपनीतल्या हॅमर शॉपच्या दणक्यानं तुमचे कान खाल्ले, आणि घरचा फोन पायलजवळ. तिच्या तोंडून बापासंग भांडण करता येत नाही, म्हणून कागद खराब करून राहिलो.

खरं लिहा. पॅकेज आलं का नाही?

प्रशिक

*

वाडी, नागपूर
१५ ऑगस्ट २०२५

चि. प्रशिक,

जयभीम. आज कंपनीत झेंडावंदन झालं. भोंगा वाजवला म्हणतात. मला ऐकू आला नाही, पण सगळ्यांनी एकदम मान वर केली त्यावरून समजलो.

पॅकेज हा शब्द मीही आधी चुकीचाच समजलो होतो, तुला काय हसू. नोटीस लागली, "नागझरी फोर्जला शासनाचे पॅकेज मंजूर, सर्वांचे अभिनंदन." आम्ही पेढे खाल्ले. माझ्यासोबतचा धम्मानंद तर घरी सांगूनही आला की दिवाळीपर्यंत सगळा अडकलेला पगार हाती येतो. मग कळलं, पॅकेज कंपनीला. एकशे चाळीस कोटी. बुडत्या कंपनीला वर काढायला. त्यातला पहिला हप्ता आला, दुसरा यायचा आहे. दुसऱ्याला सरकारची अट आहे, शंभरातल्या ऐंशी कामगारांनी सहमतीपत्रावर सही दिली पाहिजे. त्यात लिहिलं आहे की अडकलेला अर्धा पगार आम्ही सोडला, आणि पाच वर्षं ग्रॅच्युइटी मागणार नाही.

तू लगेच चिडशील. पण ऐक. मोठे साहेबसुद्धा वर्षाला फक्त एक रुपया पगार घेऊन राहिले आहेत. तसं छापून गेटवर लावलं आहे, त्यांच्या फोटोसह. एवढा मोठा माणूस एक रुपया घेतो म्हटल्यावर आपणही थोडं सोसावं की नाही? दोन नंबरची भट्टी मार्चपासून थंड आहे, आतल्या विटा गळून पडल्या. नव्या विटा पहिल्या हप्त्यातून यायच्या आहेत. त्या आल्या की भट्टी पेटेल, भट्टी पेटली की लोखंड तापेल, लोखंड तापलं की हॅमर चालेल. पगार त्याच्या मागोमाग येतो.

सही करणारे करून राहिले आहेत. मी पाहतो आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, घाई कशाची?

पायलच्या फीचं झालं. तू त्यात पडू नको.

तुझा बाबा,
रविंद्र

*

गुरुग्राम
२५ ऑगस्ट २०२५

बाबा,

तुमचा एक रुपयावाला माणूस कुठं राहते ते मले माहीत आहे. मी त्याच्याच घरात झोपून राहिलो, मागच्या सर्व्हंट रूममध्ये, थिनरच्या डब्यासंग.

तुमाले वाटते मी कुठल्यातरी बिल्डिंगचं पॉलिश करून राहिलो. मलेही तसंच वाटे. ओमप्रकाश नागझरी फोर्जची सगळी कामं करते हे तुमाले माहीत, म्हणूनच तुम्ही मले त्याच्याकडं लावलं. तर हे कंपनीचं गेस्टहाऊस आहे. पाव्हणे कोणी दिसत नाही. साहेब, त्यायची बायको, दोन कुत्रे. कुत्र्यायची खोली वेगळी, तिले एसी. तिच्या दरवाजाले मी चार हात पॉलिश मारली आणि मॅडम म्हणे, चमक जास्त झाली, डोळ्याले लागते कुत्र्याच्या. पुन्हा घासलं.

नागपूरहून कंपनीची गाडी घेऊन रुपराव ड्रायव्हर आला आहे, काटोलकडचा. मी त्याले तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो एवढा हसला की तंबाखू थुकावी लागली.

"एक रुपया! अन् तू मानला?"

"माह्या बापानं मानला."

"अबे, पगार एक रुपया आहे, खरं आहे. घर कंपनीचं, गाडी कंपनीची, पोराची विलायतची फी कंपनीची. अन् पॅकेज आणलं म्हणून वरून बोनस. साहेबानं कंपनी सोडून जाऊ नये म्हणून देतेत म्हणे."

"किती?"

"ते मले सांगतीन का बे? मागच्या सीटवर फोनवर बोलत होते, साडेतीन कोटी एवढंच ऐकू आलं. मंग काच वर केली."

म्हणजे पाहा. त्यायनं जाऊ नये म्हणून त्यायले पैसे, आणि तुम्ही जाऊ नये म्हणून तुमाले कागद.

आणि इथं फरशी कोणती टाकून राहिले माहीत आहे? रिफ्रॅक्टरी. मीही पहिल्यांदाच नाव ऐकलं. पांढरा मार्बल, आतून हिरव्या शिरा, पाय ठेवला की थंडगार. बारा खोके आले, प्रत्येकावर इंग्रजीत रिफ्रॅक्टरी, खाली नागझरी फोर्ज, नागपूर. मी एकेक अक्षर जोडून वाचलं. ओमप्रकाशले विचारलं, "ये रिफ्रॅक्टरी मार्बल इटली का है क्या?" तर त्यानं माह्याकडं कसं तरी पाहिलं आणि म्हणे, "तू पॉलिश कर." मंग बाकीच्या पोरायले मीच सांगितलं, बावा, हा रिफ्रॅक्टरी आहे, यावर बूट घालून चढू नका.

तुम्ही सही करू नका. आणि "पाहतो आहे" म्हणजे काय, ते मले समजलं नाही. मले वाटते तुम्ही काही लपवून राहिले.

प्रशिक

*

वाडी
२ सप्टेंबर २०२५

चि. प्रशिक,

पत्र मिळालं. पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं. खालचा गोंद पोस्टाच्या पाकिटाचा, वरचा सुतारकामाचा पांढरा. तू पत्र कोणाजवळ देतो टाकायला? यापुढे देऊ नको.

त्या खोक्यावरचा कागद मिळाला तर पाठव. नाही मिळाला तर अक्षर जसं आहे तसं पाहून उतरवून काढ. तारीख, नंबर, सगळं. काहून, ते आता विचारू नको. त्या दगडाचं नावही कोणाजवळ काढू नको.

जपून राहा.

बाबा

*

गुरुग्राम
१० सप्टेंबर २०२५

बाबा,

तुम्ही मले विचारू नको म्हणता आणि वरून चोरी करायले लावता. हे काय आहे? तुमाले त्या कागदाचं काय करायचं? रुपराव म्हणते, "तुह्या बापाले मॅनेजरनं विचारायले सांगितलं असंल, साईटवर कोण काय पाहते म्हणून." मी त्याच्यावर भडकलो. मंग विचार करत बसलो. खोटं कशाले लिहू, मलेही तसंच वाटलं. अठ्ठावीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लेला माणूस.

पत्र मी ओमप्रकाशच्या टेबलावर ठेवत होतो, तो तिकीट लावून टाकत होता. चांगला माणूस वाटे. तुमचं पत्र यायच्या आधीच खोक्यायवरचे सगळे कागद गायब झाले होते. पत्र्यानं खरवडून काढले, लाकडावर पांढरे डाग राहिले. मी पॉलिशवाला आहे, खरवडल्याची खूण मले दिसते.

पण एका खोक्याची फळी मी आधीच उचलून नेली होती, डबे ठेवायले. तिच्या मागच्या अंगाले कागद तसाच होता. गरम पाण्याचं फडकं ठेवलं, हळूहळू उचलला. एक कोपरा फाटला. संग पाठवून राहिलो. रुपराव हे पाकीट बाहेरच्या पोस्टात टाकंल. पुढचं पत्र त्याच्या नावानं पाठवा, पत्ता मागं लिहिला आहे.

आता तरी सांगा. का अजून पाहूनच राहिले?

प्रशिक

*

फरीदाबाद
३० सप्टेंबर २०२५

बाबा,

वीस दिवस. एक ओळ नाही.

ओमप्रकाशनं मले काढलं. कारण विचारलं तर म्हणे, "तेरे हाथ में सफाई नहीं है." माह्या हातात! कुत्र्याचा दरवाजा त्यानं मॅडमले आपलंच काम म्हणून दाखवला होता. पंधरवड्याची मजुरी दिली, बाकी ठेवली. म्हणे, "अपने बाप से पूछ, क्यों निकाला." आता इथं दुसऱ्या ठेकेदाराजवळ लागलो आहे. फ्लॅटचे दरवाजे, एका दिवसात बारा.

म्हणजे तुम्ही तो कागद कोणालेतरी दाखवला. कोणाले? मॅनेजरले?

परवा गोलूले गेटवर पाठवलं. सह्यायची यादी लावली आहे म्हणे तिथं, काचेच्या पेटीत. मी म्हटलं, वाचून सांग माह्या बापाचं नाव आहे का. तो म्हणे, "शोधाचं कामच नाही बे. पहिलंच आहे." तारीख विचारली. एकवीस जुलै.

एकवीस जुलै, बाबा! पंधरा ऑगस्टले तुम्ही मले लिहिलं, मी पाहतो आहे. सही करून झाल्यावर काय पाहत होते तुम्ही? शाई वाळते का?

मले फक्त एवढं सांगा, पहिली सही करायचे किती घेतले?

प्रशिक

*

वाडी
७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रशिक,

पंधरा हजार.

तू विचारलं म्हणून आधी आकडा लिहिला. आता बाकीचं लिहितो, वाच किंवा फाड.

जुलैत पायलच्या फीची शेवटची तारीख होती. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर लिहून दाखवलं, "लोक तुमच्याकडे पाहतात. तुम्ही केली की बाकीचे करतील. सहकार्य निधी लगेच मिळेल." निधी सही करणाऱ्या सगळ्यांनाच होता, पण पहिल्याला त्याच दिवशी, रोख. केबिनमधून निघालो तो सरळ कॉलेजात गेलो. घरी कोणाला सांगितलं नाही. तुझी आई आपसूक समजली. तुला लिहिताना हात थांबला. पोरगा तिकडे थिनर हुंगून पैसे पाठवतो, त्याला काय लिहू की बापानं अठ्ठावीस वर्षं एका फीमध्ये दिली? आणि एक रुपयाची गोष्ट मी स्वतःलाच सांगत होतो. साहेबांनी सोडलं तर मीही सोडलं, म्हणजे मी विकलं नाही.

मग तुझं ते पत्र आलं. रिफ्रॅक्टरी मार्बल. बेटा, त्या नावाचा मार्बल नाही. रिफ्रॅक्टरी म्हणजे भट्टीच्या आतली वीट, जी आगीत टिकते. आम्ही नुसतं वीट म्हणतो, म्हणून तुला घरात कधी तो शब्द ऐकू आला नाही. स्टोअरच्या कागदावर मात्र तेच नाव असतं. आमच्या विटांच्या नावावर साहेबांची फरशी गेली. तुला दगडाचं नाव वाटलं तेच बरं झालं. समजलं असतं तर तू भीतीनं लिहिलं नसतं.

ओमप्रकाश पत्रं उघडत होता, म्हणून मी तेव्हा काही फोडलं नाही. तू पाठवलेला कागद आला तो धम्मानंदला दाखवला. तो स्टोअरमध्ये होता चार वर्षं. नंबर पाहून म्हणाला, "रविंद्रभाऊ, हा तर आपल्याच ऑर्डरचा नंबर आहे. रजिस्टरात विटा आल्याची नोंद झाली आहे." आल्या म्हणून नोंद, आणि भट्टीत घूस फिरून राहिली.

सप्टेंबरच्या बावीस तारखेला गेट मीटिंग होती. मॅनेजर साहेब दुसऱ्या हप्त्याचं सांगत होते. मी उठलो आणि विचारलं, विटा कुठे आहेत? ते बोलू लागले. धम्मानंद नंतर म्हणाला, ते मला "बसा, बसा" म्हणत होते. मला काय ऐकू येते? मी विचारतच राहिलो. विटा कुठे आहेत? त्यांचं तोंड बंद झालं की मी पुन्हा विचारायचो. लोक हसू लागले. मग धम्मानंदनं कागद वाचून दाखवला, आणि हसणं थांबलं.

तेव्हा मॅनेजर साहेबांनी सहमतीपत्रांची फाईल मागवली. माझी सही उंच धरून सगळ्यांना दाखवली. तारखेसह. त्यासाठी कान लागत नाहीत. दीडशे माणसं माझ्याकडे पाहून राहिली होती. मी मान खाली घातली. त्याच दिवसापासून तुला लिहायला बसतो आणि उठतो. इतके दिवस न लिहिण्याचं कारण एवढंच.

आता पुढचं. सही ज्याला मागे घ्यायची त्यानं एकतीस ऑक्टोबरच्या आत निधी परत करावा, तसं त्या पत्रातच बारीक अक्षरात आहे. धम्मानंद आणि आणखी साठेक जण तयार आहेत. एवढे निघाले की शंभरात ऐंशी राहत नाहीत, आणि हप्ता सोडण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला चौकशीसाठी इथे येऊन भट्टीचं दार उघडावंच लागेल. मला तेवढंच पाहिजे. कंपनी बंद पाडायची नाही. दार उघडून कोणीतरी आत पाहावं.

पण ते साठ जण म्हणतात, "पहिली सही रविंद्रभाऊची होती, पहिले ती निघू द्या. मग आम्ही." बरोबर आहे त्यांचं. ते माझ्यावर पुन्हा काहून भरवसा ठेवतील?

त्यांची रक्कम बहुतेकांनी जपून ठेवली आहे. माझी कॉलेजात गेली. मी मागून नाही राहिलो. तू खरं विचारलं, मी खरं लिहिलं.

तुझं काम माझ्यामुळे गेलं, ते मला समजलं आहे.

रविंद्र

*

फरीदाबाद
१५ ऑक्टोबर २०२५

बाबा,

पत्राखाली तुम्ही रविंद्र लिहिलं. बाबा लिहायचं राहून गेलं का मुद्दाम, ते मले समजलं नाही. पुढच्या वेळेस नीट लिहा.

तुम्ही खोटं बोलले, ते मी विसरलो नाही. घरी आलो की त्यावर वेगळं भांडू, समोरासमोर, तुमाले ओठ दिसतीन असं. पण विकलं म्हणून जे लिहिलं ते पायलले सांगू नका. ती कॉलेज सोडून बसेल, तिचं डोकं माह्यासारखंच आहे.

आता मी सांगतो तसं करा. तुमचा भरवसा लवकर बसते, तुम्ही फोटो पाहून एक रुपया मानला.

एकटे जाऊ नका. धम्मानंदकाकाले संग घ्या, तो ऐकंल, तुम्ही पाहा. पैसे आधी देऊ नका. पहिले पावती लिहायले लावा, त्यावर लिहा की सही मागे घेतली, शिक्का आणि तारीख घ्या. पावती वाचल्याशिवाय पाकिटातून हात काढू नका. मंग तुमचा कागद परत मागा. ते झेरॉक्स देतीन. आजकाल रंगीत झेरॉक्स असते, निळी शाई निळीच दिसते, डोळ्याले समजत नाही. कागद उलटा करा आणि मागून बोट फिरवा. पेनाचा दाब बोटाले लागला पायजे. तुम्ही पेन हॅमरसारखं दाबता, तुमची सही मागून लागंलच. नाही लागली तर तो कागद तुमचा नाही, तिथंच बसून राहा. ते ओरडतीन. ओरडू द्या, तुमाले काय फरक पडते.

आणि एक. तो फाटका कागद, खोक्यावरचा, तो घरी ठेवू नका. धम्मानंदकाकाच्या घरीही नको. माणूस चांगला आहे, पण चार वर्षं स्टोअरमध्ये होता तर त्याले आधी कसं नाही दिसलं? मी फक्त विचारून राहिलो. कागद आईजवळ द्या आणि तिनं कुठं ठेवला ते तुम्हीही विचारू नका.

अधिकारी आला तर दार त्याच्याच हातानं उघडायले लावा. मॅनेजरच्या नाही.

पैसे कुठून आणले हे तुम्ही विचारसान. चोरी नाही केली. माही स्प्रेगन विकली, जी मागच्या दिवाळीत घेतली होती, आणि इथल्या ठेकेदारानं महिन्याची मजुरी आगाऊ दिली. त्याच्यावरही मले शंका आहे, पण नोटा मोजून घेतल्या, एकेक उजेडात धरून. स्प्रेगनचं वाईट वाटून घेऊ नका. इथल्या दरवाजायले ब्रशच पुरते.

पायलच्या खात्यात आज टाकले. तिले सांगितलं, बाबाच्या औषधाचे आहेत, काढून त्यायच्याच हातात दे. पंधरा हजार तुमच्या सहीचे. वरचे पाचशे काहून, तर ऐन वेळेस ते व्याज म्हणून काही काढतीन आणि तुम्ही पाचशेसाठी परत याल, मले माहीत आहे. सगळे मिळून पंधरा हजार पाचशे रुपये.